काउंटरच्या बाकावर घेतलेला श्वास

हात तुम्ही धरलात.

भर दुपारी, सगळ्या गावादेखत, जोथम पेटिंगिलचं मनगट तुम्ही धरलंत. आणि का धरलंत ते आज अकरा वर्षं झाली तरी सांगितलं नाहीत.

तुमचं नाव मी इथे लिहीत नाही. हार्लोमध्ये ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सभाघरात, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या घरात, व्यासपीठाच्या खाली, गावाकडे तोंड करून बसतात ते चर्चचे कारभारी, डीकन, तुम्ही. गायन समितीचे प्रमुख तुम्ही. समितीची वही तुमच्याच कपाटात, आणि कपाटाची किल्ली तुमच्याच कमरेला.

मी एनोक ट्यूक्सबरी. लोहार. शाळेचं तोंड पाहिलं नाही. अक्षरं शिकलो ती बायबलवरून आणि थडग्यांच्या दगडांवरून. लिहिणं ओबडधोबड असेल, पण यातला एक शब्द खोटा निघाला तर माझी ऐरण नदीत टाका.

साल १८०८. मार्चचे चार रविवार. गाव हार्लो, न्यू हॅम्पशायर.

लोकांना वाटतं असल्या गोष्टी रात्रीच घडतात. ही दुपारी घडली. दुसऱ्या प्रार्थनेच्या वेळी, खिडक्यांतून ऊन आत येत असताना, दोनशे माणसं बसलेली असताना.

आणि त्या दोनशेपैकी फक्त दोघांना ती कळली. एक जोथम. दुसरे तुम्ही.

जोथमने मला सगळं सांगितलं. तुम्ही नाही.

जोथम पिंपं बांधायचा. मार्चमध्ये मेपलच्या झाडांचा गोड रस उतरायला लागला की त्याला श्वास घ्यायला फुरसत नसायची. अख्ख्या गावाला बादल्या त्याच्याच दुकानातून जायच्या. पण फळीवर हातोडी मारली की त्याला सूर ऐकू यायचा, आणि सूर ऐकू आला की काम राहिलं बाजूला. खडू घ्यायचा, पिंपाच्या झाकणावर पाच रेघा ओढायचा आणि त्यांवर सूर लिहीत बसायचा.

गिऱ्हाईक दारात उभं.

"जोथम काका, माझी बादली?"

"झाली. फक्त झाकणावर बास लिहिलाय. उतरवून घेतो, मग ने."

त्याच्या बत्तीस चाली अशा पिंपांवर जन्मल्या. कुणी शिकवलं नाही. वीस वर्षं तो वरच्या सज्जात उभा राहून आम्हाला गायला लावायचा. सूर द्यायला लाकडी शिट्टी, ठेका द्यायला उजवा हात, आणि प्रत्येक आवाजाला आत बोलवायला डावा हात. तो हात वर गेला की श्वास घ्यायचा. खाली आला की गायचं. वीस वर्षांत आमचे नुसते गळे नाही, छात्यासुद्धा त्या हाताच्या तालावर चालायला लागल्या होत्या.

आम्ही चार आवाजांत गातो. सगळ्यात वर ट्रेबल, सगळ्यात खाली बास, चाल धरतो तो टेनर. मधोमध काउंटर. काउंटर कुणालाच नको असतो. त्यात ना चाल, ना कौतुक.

जोथमची मुलगी केझाया काउंटर गायची.

तिचा आवाज जाड होता. ट्रेबलमध्ये बसेना. ट्रेबलच्या बायका, विशेषतः ऑलिव्ह बार्स्टो, तिला म्हणायच्या, "केझाया, बापानं तुला पाळण्यात नाही, पिंपात झोपवलं होतं काय ग?"

पोरगी हसायची, पण बसायची खांबाआड. सज्जात शिडीच्या तोंडाशी काउंटरचा बाक होता, त्याच्या शेवटच्या टोकाला. जोथम उभा राहायचा तिथून त्या खांबामुळे ती दिसायची नाही. दिसायचा फक्त कठड्यावर ठेवलेला तिचा डावा हात.

ती नेहमी उशिरा यायची. सज्जाच्या शिडीला चौदा पायऱ्या. त्यातली बारावी कुरकुरायची, म्हणून केझाया ती कधी वापरायची नाही. अकरावीवरून थेट तेरावीवर. लहानपणापासूनची सवय. घागरा धरून टुणकन उडी.

हे लक्षात ठेवा.

त्या पोरीसाठी जोथमने एक चाल बांधली. चालींना गावांची नावं द्यायची आमच्याकडे पद्धत आहे. यानं घरामागच्या टेकडीचं नाव दिलं: हेमलॉक हिल. पाठलागाची चाल. आधी बास शिरतो, मागून टेनर, मागून ट्रेबल, एकमेकांच्या मागे धावत सुटतात. आणि मग एकदम तिघांनी गप्प व्हायचं.

चार ठोके.

त्या शांततेत काउंटरने एकट्याने शिरायचं.

ज्या आवाजाला कुणी विचारत नव्हतं, त्याच्यासाठी बापाने सगळ्यांची तोंडं बंद केली होती. केझाया पहिल्यांदा तिथे शिरली तेव्हा ऑलिव्ह बार्स्टोने रुमाल काढून नाक पुसलं. नंतर म्हणाली, "सर्दी झालीय."

१८०७च्या डिसेंबरमध्ये घशाच्या साथीत केझाया गेली. एकोणीस वर्षांची. शेवटचे पाच दिवस तिला बोलता येत नव्हतं.

आणि फेब्रुवारीत तुम्ही ते नवं पुस्तक आणलंत.

शहरातल्या कुणा विद्वानाने आपल्या इकडच्या चाली "शुद्ध" करून छापल्या होत्या. त्यात हेमलॉक हिल होती. जोथमचं नाव नव्हतं. आणि ते चार ठोकेही नव्हते. काउंटरचं एकट्याने शिरणं कापून टाकलं होतं, दोन्ही कडा जोडून दिल्या होत्या. जणू तिथे कधी काही नव्हतंच.

तुमचं बोलणं जोथमच्या दुकानात झालं. मी लोखंडी कडी द्यायला गेलो होतो. कोपऱ्यात उभा होतो.

"ब्रदर पेटिंगिल, तुमची चाल आता शुद्ध झाली."

"अशुद्ध काय होतं तिच्यात?"

"नियम मोडले होते. जाणकारांचं मत आहे."

"त्या जाणकारांनी पिंप बांधलंय कधी? एक फळी काढली म्हणजे पिंप शुद्ध होत नाही, डीकन. गळतं."

"हे पिंप नाही. ही देवाची स्तुती आहे."

"मग देवाला विचारलंत? का त्यालाही पुस्तक पाठवलंत?"

तुम्ही रागावला नाहीत. तुम्ही कधीच रागावत नाही. तेच तर! माणूस समोर जळत असतो आणि तुम्ही पुस्तकाची पानं चाळत असता. म्हणालात, "समितीपुढे ठेवू."

जोथम पाच वेळा समितीपुढे गेला. एकदा सभासद कमी होते. एकदा वही सापडत नव्हती. एकदा रस्त्यात चिखल होता म्हणून तुम्हीच आला नाहीत, आणि घर तुमचं समोरच! पाचव्या वेळी तुम्ही अट घातलीत. मार्चचे चार रविवार शुद्ध चाल निमूट गाऊन दाखवा. मग एप्रिलमध्ये, उपासाच्या दिवशी, एकदा जुनी गाऊ देऊ. काउंटरसकट. एकदाच.

जोथमने टोपी काढली आणि हो म्हणाला. दारात आल्यावर मला म्हणाला, "एनोक, एकदाच ऐकायचंय. कुणाच्याही गळ्यातून येऊ दे. पण तिची जागा भरलेली ऐकायचीय. मग घाला त्या पुस्तकाला चुलीत, नाहीतर मला."

पहिला रविवार. सहा मार्च.

शिट्टी वाजली. आम्ही उठलो. गाव नेहमीप्रमाणे मागे वळून सज्जाकडे तोंड करून उभं राहिलं. काउंटरचा बाक रिकामा होता. काउंटर गाणारी उरलेली दोघं तुम्ही टेनरमध्ये बसवली होतीत.

बास शिरला, टेनर शिरला, ट्रेबल शिरली...

आणि जोथमचा डावा हात वर गेला.

सवय हो! वीस वर्षांची सवय. जिथे आता काहीच उरलं नव्हतं तिथे त्याचा हात खांबाकडे वर गेला. श्वास घे, म्हणून.

त्याच्या लक्षात आलं. हात हवेतच अडकला.

आणि...

सगळं थांबलं.

जोथमने मला सांगितलं ते असं. सज्जातल्या आम्हा साठ गाणाऱ्यांची तोंडं उघडी, पण आवाज नाही. खाली गावाची तोंडं उघडी, आवाज नाही. तान्ही मुलं गप्प. खिडकीबाहेर वळचणीचं पाणी ठिबकत होतं, त्याचाही आवाज नाही. कुणाची पापणी हलत नव्हती.

त्याचा उजवा हात मात्र ठेका देत राहिला. एक. दोन. तीन. चार.

चौथ्या ठोक्याला खाली शिडीच्या दाराची कडी... उघडली.

त्याने डावा हात झटकन मागे घेतला. आणि आम्ही सगळे पुढचा सूर गात होतो.

मला विचाराल तर मला काहीच कळलं नाही. एक सूर संपला, दुसरा लागला. मधे काही नव्हतं. फक्त... माझी जीभ टाळूला चिकटली होती. घोटभर पाणी न पिता दिवसभर भात्यापुढे उभं राहिल्यावर चिकटते तशी.

आणि ऑलिव्ह बार्स्टो कुरकुरत होती. "पायशेगडीत आत्ताच निखारे भरले होते. राख झाली मेली!"

प्रार्थनेनंतर तुम्ही जोथमला बाजूला घेतलंत. "ब्रदर पेटिंगिल, तुमचा हात अजून चुकीच्या जागी जातो."

तुम्हाला तो हात कसा दिसला? गाताना गाव सज्जाकडे तोंड करून असतं, मान्य. पण कुणालाच आठवत नव्हतं. मी विचारलं होतं प्रत्येकाला. एकालाही तो हात आठवत नव्हता.

तुम्ही गात नव्हता. तुम्ही कधीच गात नाही. पुस्तकावर बोट ठेवून दुसऱ्यांच्या चुका पाहता. जे गात होते ते थांबले. तुम्ही थांबला नाहीत. खरं की नाही?

दुसऱ्या रविवारी जोथमने डावा हात कोटाच्या खिशात कोंबला.

काही उपयोग झाला नाही. तीच जागा आली, आणि...

सगळं थांबलं.

त्याने बोलावलं होतं. बोलावणं मागे घेता येत नव्हतं.

ठेका चालू. शिडीवर पाऊल वाजलं. एका ठोक्याला एक. हळू. पाच पायऱ्या. मग आम्ही गायला लागलो.

त्या दिवशी बाकाखाली माझ्या बुटांवरचं बर्फ वितळून त्याचं थारोळं झालं होतं. उभं राहताना ते बर्फच होतं. मी स्वतः पाहिलं होतं.

जोथम त्या रात्री माझ्याकडे आला. पहिल्यांदा बोलला. मी म्हणालो, "जोथम काका, झोप नाही तुम्हाला. मेपलच्या रसाचे दिवस आहेत, हाडं मोडताहेत."

"वेडा म्हण. पण एक सांग, तुझी जीभ का कोरडी पडते?"

मी भाता ओढायला लागलो.

"ती येतेय एनोक. उशीर झाला तरी ती यायचीच."

तिसऱ्या रविवारी पाऊल दहाव्या पायरीपर्यंत आलं. ऑलिव्हच्या शेगडीतली राखसुद्धा थंड झाली होती. आणि खाली तुमच्या हातातलं पुस्तक जमिनीवर पडलेलं होतं. पडताना कुणी ऐकलं नव्हतं. कुणी वाकून दिलं तर तुम्ही ते घेतलंही नाहीत. पाहत बसलात. सज्जाकडे.

त्या आठवड्यात जोथम बदलला. दाढी केली. दुकानातून एक झाकण शोधून काढलं, अगदी जुनं, ज्यावर काउंटरचे मूळ सूर खडूने लिहिलेले होते. ते भिंतीला टेकवलं. मला म्हणाला, "चारच राहिल्या. उपासाचा दिवस कशाला हवा आता? समिती कशाला हवी? ती स्वतःच गाईल."

"आणि मग?"

"मग काय? ऐकलं की झालं."

चौथा रविवार. सत्तावीस मार्च.

तुम्ही त्या दिवशी तुमच्या जागेवर बसला नाहीत. कधी नव्हे ते सज्जात आलात. बासच्या रांगेत, माझ्या शेजारी. मी सरकून जागा दिली. तुमच्या अंगाला कापूर लावल्याचा वास येत होता.

मी विचारलं, "डीकन, आज वर?"

"हातावर लक्ष ठेवायला."

बासच्या रांगेतून तो खांब आडवा येत नाही. काउंटरचा बाक सरळ समोर दिसतो. तुम्हाला ते माहीत होतं.

शिट्टी वाजली. बास शिरला. मी तुमच्या शेजारी गात होतो. तुम्ही ओठ घट्ट मिटून घेतले होते. टेनर. ट्रेबल...

यापुढचं मला जोथमने सांगितलेलं.

सगळं थांबलं. शिडीवर पाऊल. अकरावी. मग कुर्रर्र करून बारावी. तेरावी. चौदावी.

बाकाची फळी दबली.

खांबाआड कोण होतं ते त्याला दिसलं नाही. कठड्यावर हातही दिसला नाही. पण त्याला पर्वा नव्हती. त्याने खिशातून डावा हात काढला आणि वर नेला.

आणि खांबामागे कुणीतरी श्वास घेतला...

लांब. खोल. गायच्या आधी घेतात तसा.

आता फक्त हात खाली यायचा होता.

मी काय पाहिलं ते सांगतो. एक सूर गाताना तुम्ही माझ्या शेजारी उभे. पुढचा सूर लागला तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी नव्हता. दहा पावलं पुढे, जोथमच्या अंगावर. केसांचा टोप खाली पडलेला, टक्कल घामाने थबथबलेलं, आणि दोन्ही हातांनी त्याचं डावं मनगट वरच्या वर धरून ठेवलेलं. बोटं पांढरी पडली होती तुमची. गाणं विस्कटलं. बायका किंचाळल्या.

जोथम ओरडत होता. आयुष्यात तो माणूस असा ओरडला नव्हता. "सोडा! अहो श्वास घेतलाय तिनं! श्वास घेतलाय!"

तुम्ही सोडलं नाहीत. तुमची नजर त्याच्यावर नव्हतीच. त्या बाकावर होती. मी वळून पाहिलं.

बाक रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही सुतार आणून तो बाक कापून काढलात. शिडीचं तोंड फळ्यांनी बंद केलंत. आता आम्ही सगळे पलीकडच्या जिन्याने चढतो. वहीत लिहिलंत, "किरकोळ दुरुस्ती." उपासाच्या दिवशी कुठलीच चाल झाली नाही. हेमलॉक हिल, शुद्ध आणि अशुद्ध दोन्ही, हार्लोमध्ये पुन्हा गाऊ नये असा ठराव केलात. सभासद तेव्हा बरे पुरेसे होते!

जोथम तुमच्या दारात उभा राहायचा. वसंतभर. उन्हाळाभर. दार उघडायचं नाही. एकदा तुमच्या मोलकरणीने सांगितलं, "डीकन झोपलेत." सकाळचे दहा वाजले होते.

"एवढंच सांगा," तो दाराला सांगायचा, "कशी दिसत होती? बरी होती का?"

पुढच्या जानेवारीत तो दुकानातच गेला. झाकणाला टेकून बसलेला सापडला. डावा हात वर उचललेला, तसाच ताठ. शवपेटीत घालताना मला तो खाली करता आला नाही. मी लोहार आहे, माझ्या हातात जोर आहे. नाही झाला.

हे सगळं मी गिळलं असतं. पण दोन गोष्टी गिळवत नाहीत.

पहिली तुम्हालाही माहीत आहे. आता सभाघरात कुठलीही चाल घ्या, नवी, जुनी, शहरातली. शिट्टी वाजते. गाणं सुरू होण्याआधी एक क्षण असतो. त्या क्षणी, फळ्या ठोकलेल्या त्या कोपऱ्यातून...

कुणीतरी श्वास घेतं.

साठ जणांना ऐकू येतो. कुणी बोलत नाही. नवा शिकवणारा आता शिट्टीनंतर थांबतच नाही, घाईघाईने सुरू करतो. श्वास घेतला जातो, सोडला जात नाही. अकरा वर्षं. इतका श्वास कुठे साठतोय?

दुसरी गोष्ट मला फार उशिरा सुचली. मागच्या महिन्यात. नाल ठोकता ठोकता हातोडी हातातच राहिली.

बारावी पायरी.

जोथमने सांगितलं होतं, कुर्रर्र करून बारावी वाजली. आनंदाच्या भरात त्या बापाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. केझाया बारावीवर कधी पाय ठेवायची नाही. कधीच.

मग मला तुमचा घाम आठवला.

डीकन, तुम्ही केझायाला पाळण्यातली ओळखत होता. तिच्या बाप्तिस्म्याचं पाणी तुम्ही धरलंत, तिला मूठमाती दिलीत. त्या बाकावर ती बसली असती, तर तुम्ही रडला असता, गुडघे टेकले असते, पळून गेला असता. तुम्ही हात धरलात. तिथे जे काही बसलं होतं त्याने गायला सुरुवात करू नये म्हणून धरलात. तीन रविवार तुम्ही त्याला शिडी चढताना पाहत होता आणि तोंडातून शब्द काढला नाहीत. बापाला सांगितलं नाहीत. पाद्रीबाबांना नाही. आम्ही साठ जण तिथे तोंडं उघडी टाकून उभे होतो, आम्हाला नाही.

तुमचं आता वय झालंय. तुम्ही झोपलेत असं रोज सांगतात. येत्या रविवारी मी हा कागद सभाघराच्या दारावर ठोकणार आहे, चार खिळे मीच बनवलेत. गाव वाचेल. ज्याला वाचता येत नाही त्याला मी वाचून दाखवीन.

समिती नको. वही नको. उभे राहा आणि सांगा.

ती केझाया होती का?

नव्हती, तर जोथमने कुणाला आत बोलावलं, आणि फळ्यांमागे ते अजून कशाची वाट बघतंय?

उत्तर द्या.